हनुवटीवरची शिडी

बांबू यंदा तीन आठवडे उशिरा आले. वरच्या रानातला रस्ता खचला होता, ट्रक तिकडेच अडकून पडले होते. एकदाचा ट्रक दारात येऊन उभा राहिला, तेव्हा शिडीवाल्याच्या बायकोने बांबू मोजले नाहीत की ड्रायव्हरला पाणी विचारलं नाही. ती आधी नवऱ्याला शोधायला गेली. तो कालव्याच्या बांधावर सापडला. तोंड आभाळाकडे, दोन्ही हात पसरलेले, हनुवटीवर बारा फुटी शिडी उभी, आणि तिच्याखाली हा माणूस बदकासारखा तुरुतुरु पळतोय. कालव्याच्या खालच्या पायरीवर कपडे धुणाऱ्या दोन बायका हातातले कपडे तसेच ठेवून बघत बसल्या होत्या.

"ट्रक आलाय," ती म्हणाली.

तो थांबला नाही. थांबला असता तर शिडी पडली असती. त्याने नुसतं एक बोट वर केलं. पावणेदोनशे बांबू तिने, पोरीने आणि ड्रायव्हरने मिळून उतरवले. शेवटचा बांबू भिंतीला टेकला तेव्हा हा घामाने निथळत आला आणि नऊ मिनिटं अठरा सेकंदं झाली म्हणाला. ड्रायव्हरला वाटलं, उशिराबद्दल बोलतोय. त्याने रस्त्याची हकिकत सांगायला सुरुवात केली.

घराच्या पुढच्या अंगाला कामाची लांब खोली होती आणि मागे स्वयंपाकघर. मधल्या भिंतीला कमरेच्या उंचीवर एक भोक पाडलेलं होतं. लांब बांबू तासायला घेतला की त्याचं टोक त्या भोकातून थेट शेगडीच्या वर येई, आणि तिला भात वाकून ढवळावा लागे. लग्न होऊन आली तेव्हापासून ती वाकत होती. पण ते तिला कधी जाचलं नाही. काम म्हटलं की असं काहीतरी असतंच. जाचायचं ते दुसरंच.

फळबागेचं काम मोठं होतं. ऐंशी शिड्या. पहिल्या तीस पंधरा दिवसांत, उरलेल्या पन्नास पुढच्या दोन महिन्यांत. बागेच्या मुकादमाने साफ सांगून ठेवलं होतं की मालकांचा मुलगा ॲल्युमिनियमच्या शिड्यांची चित्रं घेऊन फिरतोय, त्या कुजत नाहीत आणि वेळेवर येतात. आपण बांबूच्या बाजूचे आहोत, कारण उन्हात ॲल्युमिनियम हाताला चटके देतं. पण यंदा वेळ चुकली तर आपल्या हातात काही राहणार नाही. हे त्याने दोघांसमोर सांगितलं होतं. ऐकलं फक्त तिने.

नवऱ्याच्या डोक्यात हे खूळ शिरलं त्याला चार वर्षं झाली होती. पोरीच्या मोबाइलवर त्याने कुठल्याशा देशातला एक माणूस पाहिला. नाकावर चमचा तोलून तो माणूस जगात पहिला आला होता. चमच्याने जगात पहिला येता येतं हे कळल्यावर याला झोप येईना. आधी त्याने एका पायावर उभं राहायचं ठरवलं. अंगणातल्या ठोकळ्यावर तो सव्वीस तास उभा राहिला आणि शिंकला. मग धावता धावता तीन मोगऱ्या झेलायच्या ठरल्या. बांबू ठोकायच्या लाकडी मोगऱ्या त्या, दीड-दीड किलोच्या. त्यांपायी उजव्या अंगठ्याचं नख गेलं, शेजाऱ्यांच्या खिडकीची काच गेली, आणि सहा आठवडे घरात ठोकायला मोगरी मिळेना, कारण त्या तिन्ही 'सरावाच्या' होत्या. तरी त्याने अंतर पुरं केलं. विक्रमाच्या कचेरीने चार महिन्यांनी कळवलं, की साक्षीदार नात्यातला असल्यामुळे प्रयत्न ग्राह्य धरता येत नाही. साक्षीला तिचा सख्खा भाऊ होता. तेव्हापासून भावाने येणं कमी केलं, आणि आसपासच्या लोकांनी नवऱ्याचं नाव 'जागतिक' पाडलं. जागतिक आहेत का घरात, असं विचारत माणसं दारात येत. ती जागतिकची बायको झाली. दुकानात तेल घ्यायला गेली तर दुकानदार विचारी, जागतिक सध्या काय तोलतात?

सध्या ते शिडी तोलत होते. एक किलोमीटर, हनुवटीवर शिडी, हात न लावता. आधीचा विक्रम आठ मिनिटं बेचाळीस सेकंदांचा होता. शिडी किमान सात किलोची हवी, वजन सरकारी काट्यावर झालेलं हवं, रस्ता परवाना असलेल्या मोजणीदाराने मोजलेला हवा, नात्यातले नसलेले दोन साक्षीदार हवेत, दोन घड्याळं हवीत आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत न कापलेलं चित्रण हवं. ही यादी पोरीने उतरवून कामाच्या खोलीत भिंतीवर चिकटवली होती. मुकादमाला द्यायच्या शिड्यांची यादी तिच्याखाली गेली होती.

कामाचा क्रम असा असे. बांबूच्या गाठी तासायच्या, वाकडा असेल तिथे शेकून दाबून सरळ करायचा, जोडीला जोड लावायची, मग गिरमिटाने भोकं पाडायची. गिरमिट हे जोखमीचं. सरळ धरून फिरवलं तर भोक नेमकं पडतं आणि पायरी मोगरीच्या चार ठोक्यांत आत जाऊन बसते. हात जरा कलला की भोक अंडाकृती होतं. मग पाचर मारून भागवावं लागतं. भोकं पाडणं नवऱ्याचं काम, पायऱ्या बसवणं आणि तारा आवळणं तिचं. पोरगी शाळेतून आली की तेल लावी.

पण पहाटे उठून चार फेऱ्या मारून आलेल्या माणसाची मान संध्याकाळपर्यंत खाली येत नसे. खाली बघितलं की त्याला चक्कर येई. तो गिरमिट हाताने चाचपून धरी आणि छताकडे बघत फिरवी. हनुवटीच्या बेचकीत रुपयाएवढा घट्टा पडला होता, त्याला तो दिवसातून तीनदा तेल लावी, त्याच तेलकट हाताने गिरमिट धरी. तिने दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला गेली तेव्हा तो म्हणाला, मी झोपेतसुद्धा भोक सरळ पाडतो. पाचरी नेहमीपेक्षा जास्त लागतायत हे तिला दिसत होतं. पण पंधरा दिवसांत तीस शिड्या द्यायच्या होत्या. तिने पाचरी ठोकल्या.

तीस शिड्या वेळेवर गेल्या. चौथ्या दिवशी मुकादमाचा माणूस सायकलवर आला आणि लगेच चला म्हणाला.

एका तोडणीवालीचा पाय सातव्या पायरीवर असताना पायरी सुटली होती. पडताना बाईने हात टेकला आणि मनगट मोडलं. शिडीवाल्याची बायको पोचली तेव्हा ती झाडाखाली बसली होती, हात लाकडाच्या दोन पट्ट्यांमध्ये बांधलेला, कमरेला फळांची झोळी अजून तशीच. तिने एकदा वर बघितलं आणि पुन्हा मनगटाकडे बघत बसली. मुकादमाने तीसच्या तीस शिड्या ओळीने आडव्या घालून ठेवल्या होत्या. तो फारसा रागावलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. वीस-पंचवीस तोडणीवाल्यांच्या देखत त्याने तिला सांगितलं, की तुमच्या नवऱ्याची शिडी हनुवटीवर उभी राहते हे सगळ्यांना माहीत आहे. आमची जमिनीवर उभी राहिली तरी पुरे. कोणीतरी हसलं. ती खाली बसली आणि एकेक पायरी पिळून बघू लागली. तीस शिड्यांच्या तीनशे तीस पायऱ्या. एकेचाळीस हलत होत्या. प्रत्येक हलणाऱ्या पायरीचं भोक अंडाकृती होतं.

हातगाडीने शिड्या परत आणायला संध्याकाळ झाली. नवरा दारात वाट बघत होता. त्याला कळलं होतं. त्याने गाडी ओढायला हात पुढे केला.

"नको," ती म्हणाली. "आजपासून माझ्या शिडीला हात लावायचा नाही. लावायचीच असेल तर हनुवटी लावा."

तिने आवाज चढवला नाही. पोरीने दारातून ऐकलं आणि आत जाऊन भात वाढायला घेतला. जेवताना नवऱ्याने एवढंच विचारलं, बाई कशी आहे. हाड दीड महिन्याने जुळेल, असं ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून गिरमिट तिच्या हातात आलं. येत नव्हतं असं नाही. लग्नानंतर दोन वर्षांतच ती शिकली होती, त्याला ताप असे किंवा तो एका पायावर उभा असे तेव्हा तीच पाडायची. पण दिवसभर फिरवायला खांदा लागतो. पहिल्या दोन दिवसांत तिचा उजवा दंड इतका दुखला, की वेणी घालायला हात वर जाईना, पोरीने घातली. एकेचाळीस पायऱ्या उपटून भोकं मोठी करून जाड पायऱ्या बसवल्या आणि तीसही शिड्या बागेत परत पोचवल्या. मग नव्या शिड्या सुरू केल्या. नवऱ्याला तिने गाठी तासायला बसवलं. ते नवशिक्याचं काम, कोणीही करावं असं. तो बिनतक्रार बसला. एखादा बांबू तिच्याकडे सरकवताना जरा रेंगाळे, म्हणजे ती म्हणेल की आता तुम्ही पाडा. ती म्हणत नसे.

विक्रमाचा रविवार मात्र ठरलेला होता. तारीख कचेरीने लेखी मंजूर केली होती आणि ती बदलायची तर पुन्हा तीन महिने थांबावं लागणार होतं. मोजणीदार सुट्टीचा दिवस खर्चून येणार होता, शाळेतले कवायतीचे मास्तर शिट्टी आणि घड्याळ घेऊन येणार होते. ती म्हणाली, जा, मी कुठे अडवलंय. आणि रविवारीही काम करायचं तिने ठरवून टाकलं.

त्या रविवारी सकाळी सात वाजता नवरा कामाच्या खोलीच्या दारात उभा राहिला. त्याची सरावाची शिडी आदल्या दिवशी बांधावर पडून दांड्याला उभी चीर गेली होती. ते त्याने आतापर्यंत सांगितलं नव्हतं.

"तुझ्या शिड्यांतली एक दे," तो म्हणाला. "काही होणार नाही तिला."

तिने कपाळाला हात लावला. बागेच्या शिड्यांतली एक म्हणजे एका शिडीचं काम पुन्हा. पण बाहेर मोजणीदार टेप गुंडाळत उभा होता, मास्तर आले होते, आणि त्या माणसांना परत पाठवायची लाज तिलाच वाटली. तिने भिंतीला लावलेल्या सोळा शिड्यांवरून नजर फिरवली आणि डावीकडून तिसरी काढली. दोन्ही दांडे बांबूच्या एकाच बेटातले होते, पेरं सारख्या अंतरावर. मोजणीदाराने आणलेल्या सरकारी काट्यावर ती सात किलो दोनशे भरली.

दुसरी अडचण बांधावर गेल्यावर निघाली. सरावाला पोरगी त्याच्या पुढे पळायची आणि डावीकडे, उजवीकडे, पुढे खड्डा असं सांगायची, कारण शिडी तोलताना नजर टोकावरून हलवता येत नाही आणि पायाखालचं काहीच दिसत नाही. आज पोरगी मास्तरांच्या मोटारसायकलवर मागे बसून चित्रण करणार होती. साक्षीदारांना मदत करायची मनाई होती. मोजणीदाराने नियमांचा कागद काढून बोट ठेवलं : दिशा सांगणारी व्यक्ती चालेल, स्पर्श करता कामा नये, नात्याची अट नाही. सगळे तिच्याकडे बघू लागले.

"मी?" ती म्हणाली.

तिने चपला काढल्या.

पहिले दोनशे मीटर ती फक्त डावीकडे, उजवीकडे म्हणत होती. दर चार पावलांना वळून त्याच्याकडे बघायचं आणि पुन्हा पुढे पळायचं. सोळा दिवस गिरमिट फिरवलेला खांदा पळताना ठणकत होता. तीनशे मीटरला ती म्हणाली, पुढे दगड, तसेच या, उजवीकडे घसरू नका, तिकडे कालवा आहे, आणि पडलात तर मी काढणार नाही. एवढं म्हटल्यावर जे तोंड सुटलं ते सुटलंच. जरा डावीकडे. तीस शिड्या परत आल्या, तीस, हातगाडीला मी एकटी. सरळ या. चार वर्षं झाली, डावीकडे, चार वर्षं मी लोकांना तोंड देतेय, जागतिक काय तोलतात म्हणून विचारतात मला, पुढे खड्डा, लांब पाऊल टाका, लांब, टाकलंत? त्या बाईचं मनगट मोडलं आणि तुम्ही विचारता बाई कशी आहे. उजवीकडे. माझ्या भावाने येणं सोडलं. सरळ. सव्वीस तास उभे राहिलात, तेव्हा सव्वीस तास पाणी कोणी पाजलं? वारा येतोय, कलू द्या तिला, धरू नका, कलू द्या, येईल परत. आली.

तो काही बोलू शकत नव्हता. तोंड उघडलं असतं तर हनुवटी हलली असती. त्याचे दात आवळलेले होते, मानेच्या शिरा दोरासारख्या ताठल्या होत्या, घाम कानात शिरत होता. पण ती डावीकडे म्हणाली की त्याचा पाय डावीकडे पडत होता, अर्धं पाऊलही उशीर न होता. आपला आवाज हा माणूस इतका नीट ऐकू शकतो हे तिला सतरा वर्षांत पहिल्यांदाच कळत होतं, आणि त्याचा तिला आणखी राग आला. शेवटच्या शंभर मीटरला तिला दम पुरेना. तिने बोलणं सोडून नुसतं "या, या, या" लावलं. चुन्याची रेघ ओलांडून ती बांधावरच बसली. त्याने आणखी दहा पावलं टाकली, शिडी हळूच हातांत उतरवली आणि आडवी करून गवतावर ठेवली, एखादं झोपलेलं मूल ठेवावं तशी.

मास्तरांच्या घड्याळात आठ मिनिटं छत्तीस होती. मोजणीदाराच्या घड्याळात सदतीस.

पोरीने घरी येऊन चित्रण लावलं. चित्र स्वच्छ होतं. आवाज त्याहून स्वच्छ होता. ऐकता ऐकता तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आवाज काढून टाक म्हणाली तर पोरगी म्हणाली, कापता येत नाही, नियम आहे. म्हणजे कुठल्यातरी परक्या शहरात चार माणसं टेबलाभोवती बसून साडेआठ मिनिटं हे ऐकणार होती. त्यांना भाषा कळणार नाही, असं पोरीने समजावलं. मास्तर म्हणाले, भाषा कळायची गरज पडेल असं वाटत नाही.

ती शिडी तिने पुसून बागेच्या शिड्यांत परत ठेवली. दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं, तेच. तो गाठी तासायचा, ती भोकं पाडायची. पळणं थांबल्यामुळे त्याची मान हळूहळू खाली आली. एकदा दुपारी ती पाणी प्यायला उठली तेवढ्यात त्याने एका दांड्याला तीन भोकं पाडून ठेवली. तिने गज घालून पाहिलं. दोन सरळ होती, एक तिरकं होतं. तिने तो बांबू सरळ जळणात टाकला आणि त्या संध्याकाळी त्याला ताट वाढलं नाही. त्याने आपल्या हाताने वाढून घेतलं.

दोन आठवड्यांनी कचेरीचं पत्र आलं. पोरीने वाचून अर्थ सांगितला. चित्रण मिळालं, वजन मिळालं, मोजणी मिळाली. पण अर्जात व्यवसाय 'शिडी बनवणे' असा लिहिलेला आहे. विक्रमासाठी वापरलेलं साधन स्वतः सोयीचं बनवून घेतलेलं चालत नाही; ते बाजारात विकलं जाणारं, दुसऱ्याने बनवलेलं हवं. तेव्हा शिडी बनवणाऱ्याचं निवेदन पाठवा, आणि तिच्यात आपला हात नसल्याचं अर्जदाराने माल घेणाऱ्यासमोर सांगावं व त्याची सही घ्यावी.

गाठी तासलेल्याचं काय, असं नवऱ्याने विचारलं. त्या शिडीच्या गाठी पोरीने तासल्या होत्या. रविवारच्या आधीचा आठवडाभर तो सरावाला पळत होता. म्हणजे त्या शिडीत त्याचा खरोखरच काही हात नव्हता.

निवेदनाचा कागद पोरीने आणला आणि आईपुढे ठेवला. 'बनवणाऱ्याचं नाव' असं वर छापलेलं होतं. तिने सवयीने नवऱ्याचं नाव लिहायला घेतलं, पहिलं अक्षर झाल्यावर थांबली आणि ते खोडून आपलं पूर्ण नाव लिहिलं. किती वर्षांपासून हा व्यवसाय करता, असा पुढचा प्रश्न होता. तिने पेन तसंच धरून ठेवलं. मग सतरा लिहिलं. शिक्षण कोणाकडे घेतलं, याच्यापुढे तिने नवऱ्याचं नाव लिहिलं. ते खरंच होतं.

माल घेणारा म्हणजे मुकादम. तो म्हणाला, तोडणी सोडून मी येऊ शकत नाही, तुम्ही बागेत या. उरलेल्या शिड्यांतल्या वीस तयार होत्या, त्या हातगाडीवर घालून ती दोघं गेली. मुकादमाने कागद दोनदा वाचला. त्याला गंमत वाटत होती, पण तो कागदाला धरून चालणारा माणूस होता. इथे लिहिलंय की सांगावं, म्हणजे तोंडाने सांगितलं पाहिजे, असं तो म्हणाला आणि त्याने तोडणीवाल्यांना जवळ बोलावलं, कारण साक्षीला जितके तितके बरे. मनगट मोडलेली बाईही आली. तिला आता फळं निवडायला बसवलं होतं.

नवरा हातगाडीपाशी उभा राहिला. त्याने टोपी काढली, कशासाठी ते त्यालाही माहीत नसावं.

"ही शिडी हिने बनवली आहे," तो म्हणाला. "माझा हात लागलेला नाही. ज्यांना लागला होता त्या परत आल्या."

कोणी हसलं नाही. मनगटवाली बाई पुढे झाली, डाव्या हाताने शिडीची सातवी पायरी धरून तिने पिळून पाहिली, मग आठवी, मग नववी. मग मान हलवून आपल्या जागी गेली. मुकादमाने सही केली. परत येताना रिकामी हातगाडी नवऱ्याने ओढली. तिने ओढू दिली. चाकाला तेल नसल्याने ते वाटभर कुरकुरत होतं.

राहिलेल्या शिड्या मुदतीच्या दोन दिवस आधी पोचल्या. मालकाच्या मुलाने तरीही दहा ॲल्युमिनियमच्या आणल्याच. पण पुढच्या हंगामाच्या शंभर बांबूच्या ठरल्या, आणि मुकादमाने ते ठरवायला नवऱ्याला नाही, तिला बोलावलं.

अंतिम निकाल आला तेव्हा त्या शंभरांचे बांबू येऊन पडले होते. गिरमिट आता आलटून पालटून चाले. त्याने पाडलेल्या प्रत्येक भोकात ती गज घालून बघे आणि तो बघू देई. पोरगी मोबाइल घेऊन आत आली आणि उभ्यानेच वाचायला लागली. विक्रम मान्य झाला होता. आठ मिनिटं सदतीस; दोन घड्याळांतलं उशिराचं धरलं होतं. नवऱ्याने हातातली मोगरी खाली ठेवली. पोरगी पुढे वाचत होती, पण तिचा आवाज बसत गेला. सदर विक्रम अमुक तारखेस दुसऱ्या एका व्यक्तीने आठ मिनिटं पाच सेकंदं अशी वेळ देऊन मोडला आहे. म्हणून सध्याचा विक्रमवीर ती व्यक्ती. आपलं नाव जुन्या नोंदींत कायम राहील.

मग तिने विचारलं, म्हणजे हे किती दिवस पहिले होते? पोरीने बोटांवर मोजलं. एकोणीस.

"कुठले एकोणीस?"

पोरीने तारखा सांगितल्या. तिने मनात जुळवून पाहिल्या. रविवारपासून पुढचे. तो गाठी तासत होता ते दिवस. तिरकं भोक पडलं, बांबू जळणात गेला, ताट वाढलं नाही तो दिवस सहावा. बागेत टोपी काढून उभा राहिला तो दिवस सतरावा. त्या दिवशी हनुवटीवर शिडी घेऊन पळणारा जगातला सगळ्यांत वेगवान माणूस रिकामी हातगाडी ओढत तिच्याबरोबर चालत घरी आला होता, आणि दोघांनाही पत्ता नव्हता.

"सहाव्या दिवशी मी तुम्हाला जेवायला वाढलं नव्हतं," ती म्हणाली.

"आठवतंय," तो म्हणाला.

तो हसत नव्हता, रडतही नव्हता. त्याने गिरमिट उचललं, टोक बांबूच्या खुणेवर टेकवलं आणि नजर खाली ठेवून फिरवायला लागला. पीळदार भुसा बाहेर येऊ लागला. भोक आरपार झाल्यावर त्याने गज स्वतःच घालून पाहिला, मग तिला दाखवला. सरळ होतं. तिने पुढची खूण केली. तिथेही त्याने भोक पाडलं. पाचव्या भोकाला तो थांबला.

"बत्तीस सेकंदं आहेत," तो बांबूकडे बघतच म्हणाला.

तिला कळलं. चार वर्षांचा सगळा वैताग जिभेवर आला. काच, नख, भाऊ, एकेचाळीस पायऱ्या. ती बोलायला तोंड उघडणार, इतक्यात तिची नजर नव्या बांबूंवर गेली आणि डोळ्यांनी आपोआपच एका बेटातली जोडी शोधायला घेतली. तिने नजर काढून घेतली. पुन्हा गेली.

"आधी शंभर," ती म्हणाली. "शंभर बागेत पोचल्याशिवाय बांधाचं नाव काढायचं नाही."

"नाही काढणार."

"आणि वाटेत मी जे बोलेन ते बोलेन."

त्याने मान डोलावली आणि गिरमिट सहाव्या खुणेवर टेकवलं. तिने वळून ढिगातले दोन बांबू ओढून काढले, शेजारी शेजारी धरून पेरं जुळतात का पाहिलं, आणि बाकीच्यांत मिसळू नयेत म्हणून पलीकडच्या भिंतीला वेगळे उभे केले.